बल्बचा रोध मोजून ४० ओहम आणि हिशोबाने ५२९ ओहम: चूक कोठे होते आहे?

प्रश्न:
भाचीला नववीतील धाराविद्युत समजावून सांगताना घरातील जुना १०० वॅटचा, २३० व्होल्टचा तारेचा बल्ब उदाहरण म्हणून घेतला. शक्तीला विभवांतराने भागल्यावर धारा ०.४३ अँपिअर आली आणि २३० ला त्या धारेने भागून रोध सुमारे ५२९ ओहम आला. मात्र तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजला, तेव्हा आकडा ४० ओहमच्या जवळपास दिसला. ४० ओहम खरे मानले, तर धारा पावणेसहा अँपिअर आणि शक्ती १,३०० वॅटच्या वर जाते, आणि ते तर उघडच अशक्य आहे. मीटर बिघडला आहे की माझे गणित चुकते आहे?

प्रतिसाद १:
आपले दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगवेगळ्या तापमानांचे आहेत. मल्टिमीटर थंड तारेचा रोध दाखवतो, तर हिशोबातील ५२९ ओहम हा सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला तापलेल्या टंगस्टनचा रोध आहे. धातू तापला की त्यातील अणूंची कंपने वाढतात, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अधिक अडथळे येतात आणि रोध वाढतो. टंगस्टनच्या बाबतीत ही वाढ बारा-पंधरा पटींपर्यंत जाते. आपण अशक्य म्हणता ती मोठी धारा बटण दाबताक्षणी खरोखरच वाहते, पण तार काही सहस्रांश सेकंदांतच तापत असल्याने ती टिकत नाही. जुने बल्ब बहुधा लावतानाच का जातात, याचेही उत्तर येथेच आहे. भाचीला हे अवश्य सांगा, कारण ‘तापमान स्थिर असताना’ ही ओहमच्या नियमातील अट मुले पाठ करतात, पण ती कशासाठी आहे हे त्यांना क्वचितच दिसते.

प्रतिसाद २:
वरील उत्तराशी सहमत आहे. पडताळ्यासाठी पाणी तापवायचा रॉड घ्या, कारण त्यातील नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फार थोडा बदलतो. १,५०० वॅटच्या रॉडला २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर धारा लागते आणि रोध ३५.३ ओहम येतो. आमच्या गावी संध्याकाळी विभवांतर १८० व्होल्टपर्यंत उतरते. तेव्हा १८० चा वर्ग भागिले ३५.३, म्हणजे केवळ ९१८ वॅट मिळतात. विभवांतर २२ टक्क्यांनी घटले तरी शक्ती ३९ टक्क्यांनी घटते, आणि जी बादली अर्ध्या तासात तापायची तिला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. रोध मोजताना रॉडची पिन सॉकेटमधून काढलेलीच असली पाहिजे, याबाबत कृपया जराही हयगय करू नका.

प्रतिसाद ३:
एक मर्यादा नोंदवतो. पाण्याच्या पंपाच्या मोटारीला हा हिशोब जसाच्या तसा लावू नये. तेथे धारा विभवांतराच्या मागे पडते, म्हणून २३० व्होल्ट आणि ५ अँपिअर यांचा गुणाकार ११५० आला, तरी शक्तिगुणक (या गुणाकाराचा किती भाग प्रत्यक्ष शक्ती असतो, ते प्रमाण) ०.८ असल्यास प्रत्यक्ष शक्ती ९२० वॅटच असते. मोटारीच्या वेटोळ्याचा मल्टिमीटरने मोजलेला रोध वापरून धारा काढली, तर उत्तर आणखीच दूर जाते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिन काढून रॉड मोजला, मीटरने ३४.५ ओहम दाखवले. मीटर ठीक आहे. भाचीने आता बल्बचे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले असून प्रत्येकाखाली तापमानही नोंदवले आहे.