प्रतिसाद: एकच म्युटेक्स लावून मेमरीचा दोष जात नाही

संगणकाला जोडलेले साधन काढताच प्रोग्राम कोसळत असेल, तर साधने हाताळणाऱ्या संपूर्ण लायब्ररीभोवती एकच म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधील एकाच समांतर कार्यप्रवाहाला, आत सोडणारे कुलूप) लावावा, हा वर सुचविलेला उपाय मला अपुरा वाटतो. फोंड्यातील एका दुकानाच्या बिलिंग यंत्रावर मी हाच दोष पाहिला. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन आली की (आणि ती आमच्याकडे जातेच) यूएसबीवरचा बारकोड स्कॅनर नाहीसा होऊन परत येई, आणि त्याच वेळी प्रोग्राम कधी कोसळे, तर कधी नुसताच गोठून जाई.

कोसळण्याचे कारण असे, की वाचणाऱ्या थ्रेडला रीड करताना ईनोडेव्ह (‘असे साधन नाही’) ही त्रुटी मिळताच तो साधनाची माहिती असलेले मेमरीतील स्ट्रक्चर फ्री (मोकळे) करीत होता, मात्र मुख्य थ्रेडच्या रांगेत पडून असलेल्या इव्हेंटमध्ये (घटनेच्या नोंदीत) त्या स्ट्रक्चरचाच पॉइंटर (मेमरीतील पत्ता) शिल्लक होता. म्युटेक्स एका वेळी एकालाच आत सोडतो. आत गेल्यावर ती वस्तू शाबूत असेल, याची हमी तो देत नाही. तेथे रेफरन्स काउंटच (वस्तू अजून किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी; ती शून्य झाली की मगच वस्तू फ्री करायची) हवा, आणि रांगेतील प्रत्येक इव्हेंटने स्वतःचा रेफरन्स धरायला हवा.

गोठण्याचे कारण निराळे होते. लॉक (म्हणजे म्युटेक्स) धरूनच कॉलबॅक (घटना घडल्यावर लायब्ररीने बोलवायचे फंक्शन) बोलावला जाई आणि कॉलबॅक तेच साधन बंद करू पाही, त्यासाठीही तेच लॉक लागे, म्हणजे थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसे. रिकर्सिव्ह म्युटेक्सने (एकाच थ्रेडला पुन्हा पुन्हा घेता येणाऱ्या लॉकने) हे झाकले जाते खरे, परंतु मग लायब्ररी साधनांच्या यादीतून फिरत असतानाच तिच्यातला नोड (एका साधनाची नोंद) निघून जातो. त्यापेक्षा रेफरन्स वाढवून, लॉक सोडून मगच कॉलबॅक बोलवावा.

असे दोष पकडण्यासाठी ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका दाखवणारे) आणि थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडमधील स्पर्धेच्या चुका दाखवणारे) ही तपासणीची साधने आहेत, पण ती एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, त्यामुळे दोन बिल्ड करावेत. स्कॅनर मात्र हातानेच वीसेक वेळा उपसून पाहावा.