मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन पेलाचा ट्युलिप टाइम

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे डे मॉइनला (आयोवा, अमेरिका) असतील. तेव्हा त्यांना पेलाचा ट्युलिप टाइम, म्हणजे तिथला ट्युलिप फुलांचा उत्सव, दाखवायचा बेत आहे. हेन्ड्रिक स्कोल्टे या धर्मगुरूंसोबत आलेल्या डच लोकांनी १८४७ मध्ये वसवलेलं पेला हे आयोवातलं छोटंसं शहर. मिरवणुकीआधी डच पोशाखातली माणसं पाणी ओतून रस्ता घासतात, ते बाबांना बघायचंच आहे (घरी झाडूला हात लावत नाहीत, ती गोष्ट वेगळी).

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं आहे का? बाबांचे गुडघे दुखतात. तिथल्या व्हर्मीअर पवनचक्कीत वर जायला जिनेच चढावे लागतात की लिफ्ट आहे? ती खरोखर धान्य दळते म्हणे, त्यामुळे खालूनच बघून परत येणं त्यांना पटणार नाही. मिरवणुकीला बसायची जागा आधी राखून ठेवता येते का, आणि गाडी कुठे लावलीत?

शिवाय आई अंडं खात नाही. बदामाचं सारण भरलेल्या, एस आकाराच्या तिथल्या डच लेटर नावाच्या पेस्ट्रीत अंडं असतं का? बेकरीत विचारलं तर नीट सांगतात का? जेवणाचा डबा मी नेणारच आहे, पण तिथलं काहीतरी तिला चाखता यावं एवढंच.