शनिवारी गच्चीवर दाखवलेल्या सिरियलबद्दल

मृणाल बापट (ब-३०२), सकाळी ९.१२:
सर्वांना नमस्कार. कालच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाबद्दल बोलायचं आहे. नोटिशीत "जुन्या विज्ञानमालिका, सहकुटुंब या" असं लिहिलं होतं. ईरा रात्रभर चष्मा घालून झोपली. काढूच दिला नाही. सकाळी कानामागे वळ उठलेत. आठ वर्षांच्या मुलांना जगाचा शेवट दाखवायचा हे नक्की कुणी ठरवलं?

साठे काका (अ-२०१):
गच्चीची किल्ली वॉचमनकडे परत आलेली नाही.

नचिकेत (अ-१०४):
सॉरी मृणालताई. पण नोटिशीत "दहा वर्षांवरील" होतं. फोटो टाकतो.

मृणाल बापट:
हो, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. फोटो नको.

वैशाली शेलार (ब-२०४):
पण चष्म्याचं काय झालं? मी वडे तळत होते, पहिला भाग बघितलाच नाही. वडे कुणी मोजून नेले तेही कळू द्या.

नचिकेत:
पहिला भाग 'टाइम इनफ अ‍ॅट लास्ट'. 'ट्वायलाइट झोन' या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या पहिल्याच सीझनमधला, १९५९ चा. बँकेतला एक कारकून, बेमिस. वाचनाचं वेड. साहेब वाचू देत नाही, बायको तर पुस्तकातल्या ओळींवर काट मारते. जेवणाच्या सुट्टीत तो तिजोरीच्या खोलीत जाऊन वाचत बसतो आणि तेवढ्यात हायड्रोजन बॉम्ब पडतो. वर येतो तर सगळं शहर साफ. लायब्ररीतली पुस्तकं मात्र शाबूत. कोणत्या महिन्यात काय वाचायचं याच्या चळती लावतो, खाली वाकतो, आणि चष्मा पडून फुटतो.

वैशाली शेलार:
अगं बाई! आणि वाचू न देणारी बायकोच असणार, अर्थात 🙄

मृणाल बापट:
तेच. ईरा मला सकाळपासून विचारतेय, चष्म्याचं दुकान पण पडलं का? त्याच्याकडे दुसरा चष्मा का नव्हता? काय सांगू?

शिंदे सर (ब-१०१):
तिला म्हणावं, प्रश्न अगदी योग्य आहे. तो भाग बघून हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडतो. संध्याकाळी पाठव तिला माझ्याकडे. आणि जाड भिंगाची जुनी फ्रेम माझ्याकडे पडून आहे, हवी तर ती उशाशी ठेव म्हणावं.

पाटणकर (अ-५०३):
चष्म्याचं राहू द्या. दुसरा भाग कुणी निवडला ते सांगा.

साठे काका:
गच्चीची किल्ली वॉचमनकडे परत आलेली नाही. काल रात्री ११ वाजता मी स्वतः विचारलं.

देशपांडे आजी (अ-१०२):
*सर्वांनी काळजी घ्या* आज रात्री १२.३० ते ३.३० कॉस्मिक किरणे पृथ्वीजवळून जाणार आहेत. मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा. ही बातमी मोठ्या वाहिनीवर सांगितली आहे. दहा जणांना पाठवा 🙏🙏

शिंदे सर:
आजी, ही बातमी दरवर्षी येते आणि वेळही तीच असते. कॉस्मिक किरणं १२.३० ची वाट बघत नाहीत. त्यांच्यामुळे वातावरणात तयार होणारे म्यूऑन नावाचे कण आत्ताही तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबाने जात आहेत. मोबाइल लांब ठेवलात तर झोप मात्र चांगली लागेल.

देशपांडे आजी:
आता जातायत? 😳

वैशाली शेलार:
आजी, अ विंगमधूनच जातायत, ब विंगला अजून मंजुरी नाही.

पाटणकर:
माझ्या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही. दुसरा भाग कुणी निवडला?

नचिकेत:
मीच, काका. तिन्ही मीच निवडले. दुसरा 'द शेल्टर', सप्टेंबर १९६१.

पाटणकर:
छान. म्हणजे डॉक्टरने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घराखाली बॉम्बपासून वाचायला आसरा बांधला. संकट आल्यावर शेजारीपाजारी, जे आधी हसत होते, ते पाइप घेऊन दार फोडतात. आणि सोसायटीतले ६० लोक चटईवर बसून माझ्याकडे वळून बघतात. मला कळत नाही असं समजू नका.

मृणाल बापट:
एक मिनिट, आपण मुलांबद्दल बोलत होतो.

वैशाली शेलार:
अहो पाटणकर काका, मागच्या मेमधलं पाणी अजून डोक्यात आहे का तुमच्या?

पाटणकर:
कुलूप माझं तुटलं, वैशालीताई. तुमचं नाही.

वैशाली शेलार:
हजार लिटरची टाकी सामाईक गच्चीवर, आणि कुलूप तुमचं. डॉक्टरचा आसरा निदान त्याच्या तळघरात होता.

कदम, सचिव (ब-४०१):
कृपया सर्वांनी संयम ठेवावा. तो विषय मासिक सभेत मिटलेला आहे. इतिवृत्तात नोंद आहे. 🙏

पाटणकर:
नोंद आहे, भरपाई नाही.

नचिकेत:
काका, खरंच तुमच्या टाकीचा काही संबंध नव्हता. मला त्या भागात आवडतं ते हे की त्यात परग्रहवासी येतच नाहीत. रेडिओवर घोषणा होते की अनोळखी वस्तू आकाशातून येतायत. डॉक्टरच्या वाढदिवसाला जमलेली हीच मंडळी पंधरा मिनिटांत एकमेकांच्या जातकुळीवर येतात. शेवटी रेडिओ सांगतो, ते उपग्रह होते. आणि मग सगळे "दुरुस्तीचे पैसे देऊ" म्हणतात.

पाटणकर:
बघा! पैसे देऊ तरी म्हणतात.

शिंदे सर:
त्या काळात हा प्रश्न तिथे खरोखरच भांडणाचा होता. जुलै १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी भाषणात लोकांना आसऱ्यांबद्दल सांगितलं, ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली. सप्टेंबरात एका कॅथलिक (जेझुइट) धर्मगुरूने साप्ताहिकात लेखच लिहिला, की आपल्या आसऱ्यात घुसणाऱ्या शेजाऱ्याला बळाने रोखणं धर्माला धरून आहे. त्यावर मोठा गदारोळ झाला. म्हणजे सिरियलवाल्याने हवेतून काही काढलं नव्हतं, वर्तमानपत्रातलं उचललं.

पाटणकर:
म्हणजे धर्मगुरू माझ्या बाजूने आहेत.

वैशाली शेलार:
😂😂 काकांनी शोधून काढला एक.

ओंकार (अ-३०१, न्यू जर्सी):
हाय ऑल! मस्त चर्चा! इथे ३१ डिसेंबरला साय-फाय चॅनेलवर ट्वायलाइट झोनची मॅरेथॉन असते, आम्ही दरवर्षी बघतो. 'टू सर्व्ह मॅन' दाखवला का?

पाटणकर:
ओंकार, तुमच्या भाडेकरूची बाइक चार महिने माझ्या खुणेच्या आत लागते. ती आधी काढायला सांगा, मग मॅरेथॉन.

ओंकार:
नोटेड काका 🙏

देशपांडे आजी:
हे सगळं खोटं मानू नका हो. मी चौथीत होते तेव्हा अष्टग्रही आली होती. मकर राशीत आठ ग्रह. गावोगाव होम, यज्ञ, जप. आमच्या वाड्यात सगळ्यांनी रात्र जागून काढली. आईने मला नवं परकर-पोलकं घातलं होतं, का ते मला आजही कळलेलं नाही.

शिंदे सर:
फेब्रुवारी १९६२. आजी, गंमत बघा. आपल्याकडे जग बुडायचं राहिलं त्याला महिनाही झाला नव्हता, आणि २ मार्च १९६२ ला अमेरिकेत ओंकार म्हणतोय तो भाग लागला. नऊ फुटी परग्रहवासी येतात, भूक संपवतात, युद्धं थांबवतात. लोक आनंदाने त्यांच्या यानात बसून त्यांच्या ग्रहावर सहलीला जायला लागतात. आणि त्यांनी विसरलेलं एक पुस्तक असतं...

नचिकेत:
सर!!! पुढच्या शनिवारी लावतोय तो! सांगू नका!

कदम, सचिव:
माणसं शिजवायच्या पाककृतींचं निघतं ते पुस्तक.

नचिकेत:
साहेब 🤦

कदम, सचिव:
क्षमस्व. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. साठ वर्षं झाली.

वैशाली शेलार:
म्हणजे फुकट जेवण, फुकट वीज, आणि सहल... साहेब, रिडेव्हलपमेंटच्या बिल्डरचं माहितीपत्रक पण असंच होतं.

साठे काका:
गच्चीची किल्ली वॉचमनकडे परत आलेली नाही. टाकी साफ करणारा माणूस उद्या येणार आहे.

मृणाल बापट:
मी सकाळी एक साधा प्रश्न विचारला होता. मुलांना हे का दाखवायचं. भूत, राक्षस परवडले. ती निदान "असं नसतं" म्हटलं की झोपते. शेजारीच बंदूक चालवतात हे बघून काय शिकायचं?

पाटणकर:
बरोबर बोललीस मृणाल. बालिश आहे सगळं. परग्रहवासी म्हणे.

नचिकेत:
काका, ते मुद्दाम होतं. लेखक रॉड सर्लिंग. १५६ भागांपैकी ९२ त्याने लिहिले. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये पॅराट्रूपर होता. आधी तो सरळ सामाजिक नाटकं लिहायचा टीव्हीसाठी. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली, आरोपी सुटले. त्यावरून त्याने नाटक लिहिलं, तर जाहिरातदारांनी इतके बदल करायला लावले की घटना दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडात गेली आणि मुलगा उरलाच नाही. मग तो परग्रहवासींकडे वळला. तीच गोष्ट, पण जाहिरातदाराला पत्ता नाही.

शिंदे सर:
आणि मृणाल, तिसऱ्या भागात शेजारी बंदूक चालवतो कारण तो घाबरलेला आहे, वाईट आहे म्हणून नाही. 'मेपल स्ट्रीट'मध्ये वीज जाते, गाड्या बंद पडतात, एकाचीच गाडी आपोआप सुरू होते, झालं. अंधारात पलीकडच्या गल्लीत बघायला गेलेला त्यांचाच माणूस परत येतो आणि त्याला गोळी लागते. मला विचारशील तर तो मोठ्यांनी बघायचा आहे, आठ वर्षांच्या पोरांनी नाही. इथे तुझं बरोबर. नचिकेत, क्रम तरी बदलायचा होतास.

मृणाल बापट:
धन्यवाद सर. इतकंच म्हणत होते.

पाटणकर:
एकाचीच गाडी सुरू होते. एकाच्याच टाकीत पाणी असतं. काही फरक आहे का सांगा?

नचिकेत:
काका, मी खरंच हे नेटवरच्या एका यादीतून निवडलं...

पाटणकर:
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

वैशाली शेलार:
मी वाचला 😐

कदम, सचिव:
मंडळी, विषयांतर करतो. आम्ही लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' बघायचो. त्यातला एक भाग अजून आठवतो. दोन माणसं, चेहरा अर्धा काळा, अर्धा पांढरा. हजारो वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली. यानाचा कप्तान कर्क, त्याला कळतच नाही भांडण काय आहे. तर एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. शेवटी आपल्या ग्रहावर पोचतात तर तिथे कुणीच जिवंत नाही. तरी एकमेकांच्या मागे धावतातच.

वैशाली शेलार:
साहेब, अ विंगची कोणती बाजू म्हणायची? लिफ्टकडची की कचऱ्याकडची?

पाटणकर:
कचरा ब विंगकडून येतो.

वैशाली शेलार:
पुन्हा म्हणा बघू.

कदम, सचिव:
मी एकोपा म्हणून सांगत होतो 🙏

देशपांडे आजी:
सगळं अमेरिकेचंच का रे नचिकेत? आपलं काही नाही?

नचिकेत:
आजी, एक आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा पहिला भाग, २३ नोव्हेंबर १९६३, बीबीसी. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. तिशीही गाठली नव्हती तेव्हा. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे त्या रात्री फार कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा दाखवावा लागला.

देशपांडे आजी:
मग तो लाव. त्यात जग बुडतं का?

नचिकेत:
पहिल्या भागात नाही. नंतर अधूनमधून.

मृणाल बापट:
मुलांसाठी आधी हा, साडेसातला. आठनंतर मुलं खाली. मग तुमचे परग्रहवासी. चालेल?

नचिकेत:
चालेल. आणि 'मिडनाइट सन' आठनंतर. पृथ्वी सूर्याकडे सरकतेय, शहर रिकामं होतंय, इमारतीत दोनच बायका उरल्यात, एक चित्रकार आणि एक घरमालकीण. कॅनव्हासवरचा रंग वितळून ओघळतो. पाणी मोजकं. मेमध्ये गच्चीवर याहून योग्य भाग नाही.

वैशाली शेलार:
शेवट काय?

नचिकेत:
नाही सांगणार. कदम साहेब, तुम्हीही नाही.

कदम, सचिव:
मला हा माहीत नाही. टाका पोल.

पाटणकर:
पाण्याचा भाग पुन्हा? मुद्दाम ना?

शिंदे सर:
पाटणकर, तुम्ही स्वतः एक निवडा. मी सुचवू? 'आउटर लिमिट्स' ही तशीच दुसरी मालिका, १९६३. काही शास्त्रज्ञ ठरवतात की जगातली भांडणं मिटवायला एक खोटा परग्रहवासी हवा. आपल्यातल्याच एकाला शस्त्रक्रिया करून तसा बनवतात. बेत असा की त्याला बघून सगळे देश घाबरून एक होतील. यान चुकीच्या जागी उतरतं, शिकारी त्याला गोळी घालतात.

पाटणकर:
म्हणजे एकट्याने सगळ्यांसाठी केलं आणि मारला गेला तो. हा चालेल. हा माझ्या नावाने लावा.

वैशाली शेलार:
काका, वडे तुमच्याकडून मग.

पाटणकर:
वडे नाही. भेळ. आणि पाणी आपापलं आणावं.

मृणाल बापट:
साठे काका, किल्ली सापडली. ईराच्या फ्रॉकच्या खिशात. तिने म्हणे मुद्दाम आणली, गच्चीवर कुणी उतरू नये म्हणून. पाठवते तिला खाली.

साठे काका:
किल्ली मिळाली. रजिस्टरमध्ये सही करायला सांगा.

मृणाल बापट:
ती आठ वर्षांची आहे काका.

साठे काका:
पालकांनी करावी.

कदम, सचिव:
टँकर आला आहे. ब विंगने दहा मिनिटं मोटर बंद ठेवावी.

वैशाली शेलार:
ब विंगनेच का?