सोसायटी ग्रुप: नंदुरबारला बदली आणि सासूबाईंचे डॉक्टर

ए-३०२ (वहिनी): सगळ्यांना नमस्कार. यांची बदली नंदुरबारला झाली. २० तारखेला टेम्पो भरायचा आहे. प्रश्न सासूबाईंचा आहे. त्यांच्या संधिवाताचं औषध ४ वर्षांपासून इथल्या स्पेशालिस्टकडे चालू आहे, पुढची अपॉइंटमेंट २६ ला. ती रद्द करून तिकडेच कोणी बघावं का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

बी-१०४ (नाना): नंदुरबारची बरीच माणसं सूरतला जातात, थेट गाडी आहे. इथली रद्द करा, तिकडे गेल्यावर बघून घ्याल.

सी-२०१ (काकू): नाना, राग मानू नका, पण वहिनी, ती तारीख अजिबात रद्द करू नका. नवी तारीख हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. मी सोडली होती म्हणून सांगते.

आम्ही नाशिकहून जळगावला आलो तेव्हा आईला हाच आजार होता. सामानाच्या गडबडीत मी तिकडची तारीख रद्द केली, म्हटलं इथे मिळेलच. इथे फोन केला तर पहिली तारीख पावणेदोन महिन्यांनंतरची. मधेच गोळ्या संपल्या. जुनी चिठ्ठी दाखवून एका दुकानातून आणल्या. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांनाही नीट लागलं नसावं, पाकिटावर लिहून दिलं ‘रोज १’. ती मेथोट्रेक्सेट होती. संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. नाशिकला असताना आई दर रविवारी आंघोळ झाली की घ्यायची. नव्या घरात सगळं विस्कटलेलं, मीही पाकीट वाचून रोज देत गेले. नवव्या दिवशी तिच्या तोंडात इतके फोड की मऊ वरणभात गिळवेना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकदम खाली. ८ दिवस दवाखान्यात होतो. आई वाचली, पण ती तारीख मी ठेवली असती तर हे घडलंच नसतं.

ए-१०१ (आक्का): अगं माय! आते कशी शे आई?

सी-२०१ (काकू): बरी आहे आक्का. गोळी आता मीच हातावर ठेवते, रविवारीच.

डी-४०३ (दादा, मेडिकल): काकू म्हणतात ते शंभर टक्के खरं. जुनी चिठ्ठी घेऊन येणारे आमच्या काउंटरवर रोज असतात. वहिनी, सासूबाईंना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या. ‘आठवड्यातून १ वेळा’ एवढं पुरत नाही, ‘फक्त बुधवारी’ असं पाहिजे. सोबत फॉलिक ॲसिड असतं, तेही पिवळं, बारीक. दोन्ही गोळ्या एका डबीत ठेवू नका.

ए-३०२ (वहिनी): हो दादा, मेथोट्रेक्सेटच आहे आणि बुधवारच आहे! काकू, वाचून अंगावर काटा आला. पण २६ ला आम्ही तिकडे असणार. मग?

सी-२०१ (काकू): आधी रिसेप्शनला फोन करा, बदलीचं सांगा आणि १९ च्या आत तारीख मिळते का विचारा. नाही मिळाली तर २६ ला या. सूरत-भुसावळ लाइनवरच आहात, दोंडाईचा-अमळनेर करत गाडी जळगावला येते. एक दिवस मोडेल, मोडू द्या. आणि एक बघा, फाइलवर कोणाचा मोबाइल नंबर आहे? आमच्या फाइलवर भावाचा जुना बंद नंबर होता, दवाखान्याचे मेसेज त्यावरच जायचे.

बी-१०४ (नाना): काकू, मी घाईत बोललो. रद्द करू नका वहिनी. पण फाइल तर सोबत नेतीलच ना? नवे डॉक्टर बघतील त्यात.

सी-२०१ (काकू): नाना, ४ वर्षांची फाइल म्हणजे हातभर गठ्ठा. नव्या डॉक्टरांकडे बाहेर ३० माणसं बसलेली असतात, ते किती उलटतील? म्हणून जुन्या डॉक्टरांकडूनच १ पानाचं पत्र घ्यायचं. निदान काय, कधीपासून, आज कोणतं औषध किती आणि कोणत्या वारी, शेवटच्या तपासण्या कधी झाल्या, पुढच्या कधी. आणि यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे कोणतं औषध देऊन पाहिलं आणि का बंद केलं. आईला एका औषधाने अंगभर पुरळ आलं होतं. पत्र नव्हतं, म्हणून इथे पुन्हा तेच लिहून दिलं. नशिबाने मला गोळीचा रंग आठवला.

ए-३०२ (वहिनी): पत्र मागितलं तर डॉक्टरांना राग येणार नाही ना? त्यांना सोडून चाललोय असं वाटेल.

डी-४०३ (दादा, मेडिकल): अजिबात नाही. तो पेशंटचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे की पेशंटने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. ॲडमिट झाल्या असतील तेव्हाचं डिस्चार्ज कार्डही मागून घ्या. ईसीजी असेल तर त्याची आजच झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद असतो, उन्हाने, वेळेने कोरा होत जातो. वडिलांचा २ वर्षांपूर्वीचा ईसीजी काढला, तर नुसता करडा कागद उरला होता.

ए-१०१ (आक्का): वहिनी, माझ्या बहिणीला इन्सुलिन आहे. ती भुसावळहून मे महिन्यात घर बदलून गेली, पेनं फ्रिजसोबत टेम्पोत गेली. ४५ डिग्रीत ५ तास. सगळी फेकावी लागली. औषधं टेम्पोत टाकू नका, आपल्या पर्समध्ये ठेवा.

डी-४०३ (दादा, मेडिकल): बरोबर आक्का. आणि उलटंही करू नका, बर्फाला चिकटवून इन्सुलिन गोठलं तरी वाया जातं. रुमालात गुंडाळून थंड पिशवीत.

सी-२०१ (काकू): वहिनी, अजून एक मनापासून सांगते. गाव बदललं म्हणून सगळेच डॉक्टर बदलायला हवेत असं नाही. ताप, बीपी, दर महिन्याची रक्ततपासणी यासाठी नंदुरबारला एखादे चांगले फिजिशियन धरा. संधिवाताचं निदान आणि औषधातले बदल ३-४ महिन्यांनी इथल्याच डॉक्टरांकडे. मधे रिपोर्ट पाठवून व्हिडिओवर बोलता येतं, २०२० पासून त्याचे सरकारी नियम आहेत. डॉक्टर तयार आहेत का, एवढं विचारा. आणि हाडांचे डॉक्टर म्हणजे संधिवाताचे डॉक्टर नव्हेत, ही चूक आम्ही ६ महिने केली. पुढे सूरतला जायचं ठरलंच तर खुशाल जा, पण तिकडची पहिली भेट होऊन औषध हातात येईपर्यंत इथली सोडू नका.

ए-३०२ (वहिनी): रिसेप्शनला फोन केला. १८ ला सकाळी साडेअकराला या म्हणाले. पत्राचंही बोलले, लेटरहेडवर सही-शिक्क्यासह देतील. २६ ची तारीखही तूर्त तशीच ठेवायला सांगितली.

सी-२०१ (काकू): छान केलंत. १८ ला निघताना रिकामी पाकिटंही घेऊन जा, नावं तपासता येतील. गोळ्या किती उरल्यात?

ए-३०२ (वहिनी): आत्ताच मोजल्या, ३ आठवड्यांच्या आहेत. पाकिटावर मार्करने ‘फक्त बुधवार’ लिहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचून दाखवलं.