सर रॉजर डी कव्हर्ली: ९/८ मध्ये सम हरवते

प्रश्न: ही जुनी इंग्रजी नाचाची धून व्हायोलिनवर बसवतोय. दोन-तीन बारनंतर सम हरवते, गजही उलटा पडतो. काय करू?

उत्तर १: तुम्ही ६/८ च्या जिगसारखी (बारला सहा मात्रांची नाचाची धून) मोजताय. ही स्लिप जिग आहे, म्हणजे बारला नऊ मात्रा. सहानंतर लगेच सम घेऊ नका, आणखी तीन येऊ द्या. दर बारला पायाने तीनच ठोके, ३+३+३. त्या जादा ठोक्यातच धुनीची सगळी झुळझुळ आहे!

उत्तर २: नऊ विषम आहेत. प्रत्येक सुराला वेगळा गज दिलात की पुढचा बार वर जाणाऱ्या गजाने सुरू होणारच. एका बारमध्ये दोन सूर एकाच गजात जोडा, आठ फटके होतात. लांब-आखूड सुरांच्या जोड्या असतील तिथे फटके नव्याने मोजा.

उत्तर ३: नाचाला वाजवणार असाल तर वेग आवरा. समोरासमोरच्या रांगांच्या टोकांवरून जोडीदार तिरपे मध्यापर्यंत येऊन परततात; घाई केलीत तर त्यांची पावलं अर्धवट राहतात.