खेळाचे अ‍ॅनिमे (जपानी कार्टूनपट): 12 ते 15 वयाच्या मुलींना काय, कुठल्या क्रमाने दाखवू?

लष्करकर:
ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका वाड्यात रविवारी दुपारी तीन तास मिळालेत. आठ-दहा मुली, निम्म्या हॉकी खेळणाऱ्या. पडद्यावरची खेळाडू मुलगी कशी बदलत गेली ते दाखवायचंय. 'एस ओ नेराए' या टेनिसवरच्या 1979 च्या सिनेमाने सुरुवात करू का?

जुनी_कॅसेट:
सिनेमा झकास आहे, पण 88 मिनिटांचा. निम्मी दुपार तोच खाईल. त्यापेक्षा चार मालिकांचे पहिले भाग घ्या: 'अ‍ॅटॅक नंबर वन' (1969, व्हॉलीबॉल), 'यावारा!' (1989, ज्यूदो), 'हानेबादो!' (2018, बॅडमिंटन), 'सायोनारा वाताशी नो क्रॅमर' (2021, फुटबॉल). एक भाग साधारण 24 मिनिटं, म्हणजे 96. प्रत्येकानंतर 15 मिनिटं गप्पा, म्हणजे 60. उरली 24, ती चहा-पोह्यांची.

शीर्षकगीतं गाळा, फक्त 'अ‍ॅटॅक नंबर वन'चं नको. कोर्टवर काहीही सोसणारी नायिका मध्येच कबूल करते की डोळ्यांत पाणी येतंच, शेवटी मुलगीच ना. तिथे थांबवून मुलींना विचारा. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकात जपानच्या बायकांनी सोव्हिएत संघाला 3-0 हरवून सुवर्ण घेतलं होतं. पाचच वर्षांनी आलेल्या मालिकेत हे वाक्य आहे.

शटलवाली:
यादी पटली, प्रश्न नाही पटला. रडण्यावर गाडी अडली की मुली 'आम्ही नाही रडत' म्हणतील आणि विषय संपेल. दर भागानंतर एकच विचारा: ही कुणासाठी खेळतेय, आणि ते ठरवलं कुणी?

'यावारा'त ते उघड आहे. आजोबांना नातीचं, यावाराचं, ऑलिंपिक सुवर्ण हवंय, नातीला चारचौघींसारखं राहायचंय. रस्त्यात चोराला उचलून आपटते आणि मग तेच लपवत फिरते! बायकांचं ज्यूदो 1988 ला सोलमध्ये नुसतं प्रदर्शनी होतं, पदकं 1992 ला बार्सिलोनात आली; मालिका सुरू झाली ती नेमकी या दोन्हींच्या मध्ये. पुढे खऱ्या ज्यूदोपटू र्‍योको तामुराला लोक लाडाने 'यावारा-चान' म्हणायला लागले. बार्सिलोनात तिला रौप्य मिळालं.

'हानेबादो'त नागिसा 21-0 ने हरलेली आहे आणि त्याचा राग क्लबातल्या पोरींवर काढते, इतका की त्या सोडून जातात. मुलगी नायिका असून इतकी नकोशी वाटू शकते, माझ्या मते बदल खरा इथे आहे. 'क्रॅमर'मध्ये सुमिरे पास टाकते आणि तिथे कुणी पोहोचतच नाही. तिला कुणी अडवलेलं नाही, तोलामोलाच्या सोबतिणीच नाहीत. चित्रण मात्र कच्चं आहे, धावताना पाय घसरल्यासारखे दिसतात. हॉकीवाल्या पोरी हसतील, हसू द्या.

शोधताना 'हारुकाना रिसीव्ह' (2018) समोर येईल. बीच व्हॉलीबॉलचे नियम छान समजावते, पण कॅमेरा चेंडूपेक्षा अंगावरच जास्त रेंगाळतो. या वयाला नको.

गादी_आणा:
दोन गोष्टी राहिल्या. सबटायटल्स इंग्रजीत असतील तर बाराच्या मुलीची नजर पुरत नाही. वेग 0.9 ठेवा, आवाज फारसा बिघडत नाही. पण मग एक भाग जवळजवळ 27 मिनिटांचा होतो आणि चार भागांना 107 लागतात. चहाला उरतात 13.

दुसरं, व्हॉलीबॉल बघून पोरी लोळण घेऊन चेंडू उचलायला जाणारच. ही लोळण 1964 च्या त्या संघाच्या प्रशिक्षकाने, दाइमात्सूने, घोटून घेतली होती: बाजूचा खालचा चेंडू एका हाताने उचलायचा, खांद्यावरून पाठीवर जायचं आणि त्याच झोकात उभं राहायचं. फरशीवर करू देऊ नका. नवखी मुलगी घाबरून तळहात किंवा कोपर टेकते, सगळं वजन तिथे येतं आणि मनगट जातं. गादी घाला, हनुवटी छातीला लावून आधी गुडघ्यावर बसूनच लोळायला लावा. आणि प्रशिक्षक दमेपर्यंत चेंडू मारत सुटतो ते पाहून कुणी 'असाच सर हवा' म्हणाली, तर तिथेही थांबा.

लष्करकर:
मग तीनच घेतो, 'क्रॅमर' पुढल्या रविवारी. वाड्यात गाद्या दोन आहेत, तिसरी शेजारून आणतो.