कंटेनरच्या बिलात ‘एमिशन सरचार्ज’ ९२ युरो. हे काय प्रकरण आहे?

टॉवेलच्या_फायली
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. माल न्हावाशेवाहून हॅम्बर्गला जातो, महिन्याला एखाद-दुसरा चाळीस फुटी कंटेनर. परवा शिपिंग लाइनचं बिल आलं. फ्रेट (जहाजाचं भाडं), टर्मिनल हँडलिंग, बीएल फी या नेहमीच्या ओळींखाली ‘एमिशन सरचार्ज, ९२ युरो’. २०२४ ची फाइल काढली तर तेव्हाही होता, ३७ युरो. कुणी लक्षच दिलं नव्हतं.

मालक म्हणाले, “धूर जहाजानं सोडायचा आणि पैसे टॉवेलनं भरायचे होय?” मी गप्प. क्लिअरिंग एजंटला फोन केला तर “मॅडम, सगळ्याच लाइनी लावतात” म्हणून ठेवून दिला. लंडनमध्ये जहाजांच्या कराचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला असं वाचलं होतं. मग जो झालाच नाही तो कर आमच्याकडून कसा घेतात? आणि नाकारता येतो का?

इंजिनरूम_रिटायर्ड
ताई, दोन वेगळी प्रकरणं एकत्र झालीत. मी २६ वर्षं जहाजाच्या पोटात काढली, आता जुळे सोलापुरात कुंड्यांना पाणी घालतो. वेळ भरपूर आहे, तेव्हा लांबण लागेल.

तुमच्या बिलातला पैसा लंडनचा नाही, ब्रसेल्सचा. १ जानेवारी २०२४ पासून युरोपियन युनियननं ५,००० ग्रॉस टनांवरची जहाजं आपल्या कार्बन बाजारात ओढली. २०२४ च्या धुरापैकी ४० टक्क्यांचे परवाने विकत घ्यायचे, २०२५ चे ७० टक्के आणि २०२६ पासून सगळ्याचे. ३७ ला ४० नं भागा आणि १०० नं गुणा, तुमचे ९२ येतात की नाही बघा. बाहेरून युरोपात येणाऱ्या फेरीचा निम्मा धूर धरतात. युरोपच्या अलीकडच्या बंदरात कंटेनर बदलून फेरी आखूड दाखवायची युक्ती त्यांना आधीच सुचली होती, म्हणून इजिप्तचं ईस्ट पोर्ट सईद आणि मोरोक्कोचं टँजर मेड इथला थांबा थांबाच मानत नाहीत. तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घातला तर तेल जास्त, म्हणजे हेही जास्त.

आता लंडन. तिथं आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आहे, संयुक्त राष्ट्रांची, सगळे तिला आयएमओ म्हणतात. मी ज्या शेवटच्या जहाजावर होतो त्याचा मालक ग्रीक, झेंडा मार्शल आयलंडचा, बांधणी कोरियाची, खलाशी रत्नागिरी, केरळ आणि फिलिपिन्सचे, माल ब्राझीलहून चीनला. त्याचा धूर कुठल्या देशाच्या खात्यावर मांडणार? म्हणूनच १९९७ च्या क्योटो करारात हे काम आयएमओच्या गळ्यात घातलं. २०१८ ला त्यांनी ठरवलं, २०५० पर्यंत धूर २००८ च्या निम्म्यावर आणू. जुलै २०२३ ला ते बदलून २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी पैशाची योजना पुढे आली: इंधनाच्या धुराला दरवर्षी आवळत जाणारी मर्यादा, ती ओलांडली की टनामागे १०० किंवा ३८० डॉलर, आणि जमलेली रक्कम एका जागतिक निधीत. ६३ विरुद्ध १६ मतं पडली, भारत बाजूनं होता. पॅसिफिकमधली बेटं मात्र तटस्थ राहिली. त्यांना ही योजना फारच मवाळ वाटली, आणि पाणी त्यांच्याच उंबऱ्याशी आलंय. ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरी व्हायची होती. अमेरिकेनं बाजूनं मत देणाऱ्यांना व्हिसा आणि बंदर-शुल्काची धमकी दिली, सौदीनं तहकुबी मांडली, आणि ५७ विरुद्ध ४९ नं वर्षभर पुढे गेलं.

आम्ही जाळायचो ते तेल डांबरासारखं, शंभर डिग्रीच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात जायचं नाही. त्याचा एक टन जाळला की तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. २००८ च्या मंदीनंतर कंपनीचा हुकूम आला, वेग उतरवा. वेग दहा टक्क्यांनी कमी केला की लागणारी ताकद पावपट घटते. फेरीला वेळ जास्त लागतो, तरी तेल जवळपास एक पंचमांश वाचतं. तेव्हा पर्यावरणाचं नावही कुणी काढलं नव्हतं, तेल परवडत नव्हतं एवढंच. पैशाचा चिमटा बसल्याशिवाय जहाजमालक हलत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सांगोल्याचं_डाळिंब
काका, हिशेब पटला. पण आमच्या रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, याहून जास्त लावतात, वाटेत सारखी वीज लागते म्हणून. युरोपनं दीडशे वर्षं कोळसा जाळला, आता बिल आमच्या डाळिंबावर. आणि पैसे जातात कुठं? त्यांच्याच तिजोरीत ना?

इंजिनरूम_रिटायर्ड
त्यांच्याच. हीच माझी खंत आहे. लंडनच्या निधीतून गरीब देशांना, नव्या इंधनाला काही देण्याची सोय होती. ती योजना झाली असती तर युरोपची लगेच उठली असती असं नाही, पण एकाच धुराचे दोनदा पैसे देणार नाही असं भांडायला आपल्या हातात कागद आला असता. आत्ता तोही नाही.

ताई, तुमचं राहिलंच. नाकारता येत नाही, पण कुणी भरायचा ते ऑर्डरवर असतं. एफओबी, म्हणजे माल इथं जहाजावर चढवून देण्यापुरताच सौदा, असेल तर फ्रेट आणि त्यावरचे सरचार्ज खरेदीदाराचे. सीआयएफ किंवा सीएफआर, म्हणजे जहाजाचं भाडं धरून भाव, असेल तर तुमचे.

पूर्वभागातला_लूमवाला
एका कंटेनरात टॉवेल किती बसतात ओ?

टॉवेलच्या_फायली
बाथ टॉवेल अठरा हजारांच्या आसपास. म्हणजे नगामागे साधारण पन्नास पैसे.

पूर्वभागातला_लूमवाला
पन्नास पैसे काहीच नाही म्हणतील लोक. नगामागं सुटतात किती ते मालकाला विचारा, मग कळंल.

टॉवेलच्या_फायली
विचारायची हिंमत नाही :) ऑर्डर काढून बघितली, सीएफआर हॅम्बर्ग. म्हणजे आमच्याच बोकांडी. मार्चच्या कोटेशनमध्ये फ्रेटखाली ही ओळ वेगळी दाखवते, ‘बिलाप्रमाणे’ असं लिहून. मालक म्हणतात जर्मन माणूस घासाघीस करणारच. तर काका, त्याला दाखवायला तो ४०, ७०, १०० चा हिशेब एका कागदावर मांडून द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.